बूटवाली अक्षरं

"पैर रुका क्या?"

नवा बोर्ड रंगवून झाला की ते चाळीस पावलं मागं जात, चष्मा काढून खिशात टाकत आणि समोरून येणाऱ्या कामगाराला हे विचारत. तो "नहीं तो" म्हणाला, की त्याच्यादेखत त्या बोर्डावर पांढरा रंग फासत. मग पुन्हा पहिल्यापासून.

भोपाळच्या एका सरकारी कारखान्यात ते पेंटर होते. मूळचे नागपूरचे, आणि राग कायम नाकावर. मी तिथंच प्रशासन विभागात कारकून, इंदूरहून नवा आलेला. दुपारचा डबा त्यांच्या खोलीत खायचो. त्यांच्या शिव्या ऐकत जेवण चांगलं जायचं.

कारखान्यांतले बोर्ड तुम्हीही पाहिले असतील. वाचलेत किती? त्यांच्या बोर्डावरचं अक्षर मात्र वाचावंच लागे. दांडा मनगटाएवढा जाड, आणि प्रत्येक दांड्याच्या तळाशी एक चपटी, चौकोनी, तेवढीच जाड पट्टी. अक्षर जमिनीवर पाय रोवून उभं आहे असं वाटायचं. कामगार त्याला बूटवालं अक्षर म्हणत. ते बसवायला त्यांना तीन वर्षं लागली होती.

त्या अक्षराचा एकच नियम होता. जिथं माणूस मरू शकतो किंवा हातपाय गमावू शकतो, तिथंच ते लावायचं. बाकी सगळीकडे साधं, बारीक अक्षर.

आमच्या साहेबांना ते अक्षर फार आवडलं. क्लब, कँटीन, फुलांचं प्रदर्शन, सगळ्या टाउनशिपला तेच हवं, असं त्यांनी ठरवलं. पेंटरनी तोंडावर नकार दिला. खोलीत येऊन मला म्हणाले, "ताटात ठेचा कुठं वाढतेत? एका कोपऱ्यात. हा सगळ्या भातावर ओतून राहिला. मग जिभेला काय समजन?"

साहेबांनी मला बोलावून विचारलं, "ट्रेसिंग कहाँ रखते हैं, आपको तो पता होगा." मला माहीत होतं. कपाटाच्या वरच्या खणात, बटर पेपरवर, एकेक अक्षर. मला क्वार्टर हवं होतं. लग्न ठरलं होतं आणि यादीत माझं नाव खूप खाली होतं. एका शनिवारी किल्ली कपाटालाच राहिलेली पाहून मी ती गुंडाळी नेली आणि सोमवारी परत ठेवली. पुढच्याच महिन्यात मला क्वार्टर मिळालं. हे लिहिताना आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

सहा महिन्यांत ते अक्षर जिकडेतिकडे झालं. समोशांच्या भावापासून बॅडमिंटनच्या वेळांपर्यंत सगळं बूट घालून उभं. पेंटर वाटेत दिसेल त्या बोर्डाशी भांडत. "ओरडायचा आवाज आहे हा, बे. यानं समोसे विकून राहिले." ट्रेसिंग कोणी दिलं हे त्यांनी मला कधी विचारलं नाही.

मग तो अपघात झाला. मंडीदीपहून येणारा एक कंत्राटी कामगार, चाळिशीचा, पत्रा दाबणाऱ्या मोठ्या यंत्राच्या कठड्याआत गेला. कठड्यावर 'रुको' असा हातभर बोर्ड होता. उजवा हात मनगटापासून गेला. पेंटर इस्पितळात त्याला भेटून आले. तो म्हणाला होता, "बोर्ड तो देखा था बाबूजी. वैसा तो कँटीन पे भी लगा है."

चौकशी साहेबांकडेच आली, आणि जबाब लिहून घ्यायला मी. कामगाराचा निष्काळजीपणा ठरला तर त्याला ना काम मिळणार होतं, ना भरपाई. पेंटर न बोलावता आले आणि म्हणाले, चूक त्याची नाही, अक्षर तुम्ही वापरून वापरून मारलं.

साहेब शांतपणे म्हणाले, "अक्षर आपका, अलमारी की चाबी आपकी. बाहर किसने दिया? चोरी हुई हो तो पहले उसकी जाँच होगी. इस आदमी का मामला बाद में."

पेंटरनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं माहीत होतं, बहुधा त्या सोमवारपासूनच. मी मान खाली घातली.

"मैंने दिया," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "लिही. अन् आता त्या माणसाचं लिही."

अक्षर पेंटरनीच बाहेर दिल्याचं पहिलं वाक्य साहेबांनी सांगितलं, मी लिहिलं. दुसरं, त्या कामगाराचं, त्यांनी सांगितलं नाही, मीही लिहिलं नाही. कागद सहीला पुढं केला. पेंटरनी तो दोनदा वाचला, माझ्या हातातून पेन घेतलं आणि खाली स्वतः लिहिलं: 'मजदूर की गलती नहीं है.' त्यांचं रोजचं हस्ताक्षर मी पहिल्यांदाच पाहिलं. शाळेतल्या पोरासारखं, बारीक आणि वाकडं.

ते माझ्याशी पुन्हा बोलले नाहीत. दोन वर्षांनी निवृत्त होऊन नागपूरला गेले आणि तिथंच वारले. तो मूळ कागद अजून माझ्याजवळ आहे.

फाइलमध्ये तो लागलाच नाही. चौकशीच्या दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले होते, "साफ कॉपी बना दीजिए, नीचे की लाइन छोड़कर." ती मी नव्या क्वार्टरमध्ये बसून काढली. बायकोनं चहा आणून ठेवला होता. खालची ओळ मी सोडली.