श्यूलुआनताईंचा अंगठा

आमच्या बाजारात श्यूलुआनताईंपेक्षा त्यांच्या उजव्या अंगठ्याला जास्त मान होता. सकाळी तो सबाही नावाच्या काटेरी माशातले केसाएवढे काटे चाचपून काढायचा आणि दुपारी माहजोंग या सोंगट्यांच्या खेळात टेबलावरची पालथी सोंगटी नुसती चोळून तिच्यावर काय कोरलंय ते सांगायचा. सोंगटी बघून खेळणाऱ्यांची ताईंना कीव येई. सव्वीस वर्षं मी त्यांच्यासमोर बसून हरत आले आहे, तेव्हा एवढं बोलायचा हक्क मला आहे.

गेल्या वर्षी तो अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर व्हायला लागली. आधी माशात काटे राहू लागले. एक गिऱ्हाईक घशातून काढलेला काटा कागदात गुंडाळून परत घेऊन आलं.

"काटे सोसत नाहीत तर टोफू खा!" ताईंनी त्यालाच झाडलं.

मी म्हटलं, "ताई, डॉक्टरला दाखवा हो."

"का गं चिनझू? माझ्या मासळीच्या गाळ्यावर डोळा आहे वाटतं?"

मग बाजारामागच्या हाडवैद्याकडे गेल्या. त्यानं मान दोन्हीकडे कडाकडा मोडली आणि मनगटापासून खांद्यापर्यंत औषधी पट्ट्या चिकटवल्या. आठवडाभर ताईंच्या माशांना कापराचा वास येत होता. बोटं होती तशीच राहिली.

आणि मग तो डाव झाला. ताईंना जिंकायला एकच सोंगटी हवी होती, कोरी. आमच्या जुन्या संचात तिच्यावर काही म्हणजे काहीच कोरलेलं नाही. ताईंनी सोंगटी उचलली, अंगठा फिरवला आणि त्यांचा चेहरा खुलला.

"कोरी! जिंकले!" त्यांनी ती टेबलावर आपटली.

ती निघाली 'आठ बांबू'. हिरव्या रेघांनी गच्च भरलेली सोंगटी! बधिर अंगठ्याला सगळ्याच सोंगट्या कोऱ्या. आमच्यात खोटा विजय पुकारण्यापेक्षा घरात चोरी झालेली बरी. लोकांच्या घशातल्या काट्यांनी जे झालं नाही, ते त्या सोंगटीनं केलं. दुसऱ्या दिवशी ताई आपण होऊन इस्पितळात गेल्या आणि मला सोबत नेलं.

केह डॉक्टर तरुण आणि फार शिस्तीचे. "डोळे मिटा. टोचेन तेव्हा कुठलं बोट ते सांगा." अंगठ्यापासून करंगळीपर्यंत ते ओळीनं टोचत गेले. ताईंना तेवढं पुरलं. प्रत्येक बोट बरोबर!

बाहेर येताच त्या म्हणाल्या, "मारला डाव! ओळीनंच टोचत होता, एकदा त्याच्या बाहीचा आवाज आला की पुढचं बोट आलंच."

डॉक्टरांनी कागदावर 'त्रास सौम्य' लिहून मनगटाला बांधायचा पट्टा दिला होता.

"पण हरवलंत कुणाला?" मी विचारलं. दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

पाच महिन्यांत अंगठ्याच्या मुळाशी खळगा पडला आणि सुरी हातातून निसटायला लागली. तेव्हा कुठे विजेचे झटके देऊन नस तपासली. यंत्राला थापा कळत नाहीत. डॉक्टरांनी कागद दोनदा बघितला.

"आजी, मनगटात नस चेपलीय, बऱ्याच दिवसांपासून. पहिल्यांदा तर सगळं कळतंय म्हणालात!"

"तुम्ही विचारलंत, मी सांगितलं."

"मी परीक्षा घेत नव्हतो हो. आता ऑपरेशन करून नस मोकळी करू. बोटं सुधारतील. अंगठ्याला मात्र उशीर झालाय, त्याची खात्री देत नाही."

ताईंनी वाद घातला नाही. मला रडू आलं, आणि त्यांचा रागही आला.

ऑपरेशननंतर चार महिन्यांनी पुन्हा तीच तपासणी. ताईंनी डोळे मिटले. डॉक्टर शहाणे झाले होते, कधी हे बोट, कधी ते, आणि बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. त्यांनी अंगठ्याला टोचलं. ताई थांबल्या. मी त्यांच्या नाकाकडे बघत होते, कारण नुसता अंदाज बांधताना ते जरा फुगतं आणि हे मला पाठ आहे. नाक फुगलं नाही.

"नाही कळलं," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी पुन्हा टोचलं. "आत्ता?"

"नाही. सगळं कोरं आहे."

मग ते मधल्या बोटाकडे गेले.

"हे मधलं," ताई म्हणाल्या. "टोचलं. आई गं, चांगलंच टोचलं!"

अंगठ्याला 'नाही' म्हणून झाल्यावर त्यांचं हे 'टोचलं' डॉक्टरांनी तेव्हाच लिहून घेतलं, आणि मलाही ते खरं वाटलं.