केंदूरचा फेअरवे

केंदूरमधून हायवे जाणार नाही, हे मी इथे शेवटचं सांगून टाकतो. उद्या खरंच गेला, तर त्यात माझा हात नाही. माझा हात फक्त एका प्लास्टिकच्या तबकडीवर होता.

मूळचा मी दौंडचा. वडील रेल्वेत, बालपण रेल्वे कॉलनीत. त्यामुळे नुसत्या भोंग्यावरून इंजिन ओळखतो, पण ज्वारी कुठली आणि बाजरी कुठली हे कणसं येईपर्यंत मला सांगता येत नाही (कणसं आल्यावरही मी आधी बायकोच्या तोंडाकडे बघतो). आता शिरूरला राहतो आणि रांजणगावच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. बायको वैशाली केंदूरची, शेतकऱ्याची लेक. सासरे, म्हणजे आबा, मला मान फार देतात, पण बैलाजवळ जाऊ देत नाहीत.

आमच्या कारखान्यात नवं मशीन बसवायला फिनलंडचा एक इंजिनिअर आला होता. त्यानं मला डिस्क गोल्फ दाखवला. गोल्फच, पण चेंडूऐवजी तबकडी फेकायची, आणि खड्ड्याऐवजी खांबावर टांगलेल्या साखळ्या आणि त्यांच्याखाली टोपली. तबकडी साखळ्यांवर आपटून टोपलीत पडली की झाला एक होल. कमीत कमी फेकीत सगळे होल संपवायचे. जाताना त्यानं तीन तबकड्या मला भेट दिल्या आणि सांगितलं, की मोकळ्या मैदानात कुणीही खेळेल, खरा खेळ झाडीतला; झाडं जितकी जास्त, तितका कोर्स टेक्निकल! हे वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलं. हातात खेळ मात्र बसला नाही.

केंदूरला आबांच्या विहिरीमागे चिंचांची झाडी आहे. सासूबाई लग्न होऊन आल्या त्या वर्षी त्यांनी स्वतः चिंचोके टोकून लावलेली. वैशालीचं सगळं लहानपण त्या झाडांवर गेलं; खाली ती फक्त जेवायला उतरायची. तर दोन वर्षांपूर्वी आबांनी ठरवलं, की चिंचा पाडायच्या आणि तिथे ऊस लावायचा. लाकडाच्या वखारीचा मालक येऊन झाडं बघूनही गेला. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवसापासून रोज दुपारी सूप घेऊन चिंचेखालीच धान्य निवडायला बसू लागल्या. हे फोनवर ऐकल्यापासून वैशालीला शिरूरमध्ये घास जाईना.

"धोंड्याचा महिना आहे," ती मला म्हणाली. "जावयानं मागितलं तर सासऱ्याला नाही म्हणता येत नाही. रविवारी आपल्याला धोंडे खायला बोलावलंय. आबा विचारतील, काय पाहिजे. तुम्ही सरळ झाडं मागा. एवढ्या वर्षांत मी तुमच्याकडे काही मागितलं का?"

(मागितलं होतं. बरंच. पण ती वेळ नव्हती.)

रविवारी पानावर बसलो. आबांनी विचारलं, तेव्हा पुरणाचा एक अख्खा धोंडा तुपासकट माझ्या तोंडात होता.

"बोला जावईबापू! अंगठी करू, का चांदीचा दिवा?"

मी म्हणणार होतो, 'चिंचा तोडू नका.' पण आबांच्या मिशा अशा आहेत की त्यांच्याकडे बघून माणसाला आपलंच म्हणणं चुकीचं वाटू लागतं. धोंडा घशात अडकला. वैशालीनं पाणी दिलं. पाण्याबरोबर धोंडा खाली गेला आणि तोंडातून बाहेर आलं ते असं, "एक रविवार मला चिंचांत खेळू द्या."

आबांनी मिशीवरून हात फिरवला.

"खेळू द्या?" आबा म्हणाले. "काय, सूरपारंब्या?"

"डिस्क गोल्फ, आबा. परदेशी खेळ आहे."

"खेळा की! म्होरल्या रविवारी खेळा. वखारवाल्याला सोमवारी ये म्हणतो."

केंदूरपासून शिरूरपर्यंत वैशाली गाडीवर मागे बसून एक शब्द बोलली नाही. एका गतिरोधकावर तेवढी हळूच म्हणाली, "सूरपारंब्या!"

पण मी हार मानली नव्हती. बेत असा होता, की रविवारी झाडीत असा काही खेळ करून दाखवायचा, की आबांनी म्हणावं, 'वा! ही झाडी पाडण्याजोगी न्हाई!' आता हा बेत माझ्या खेळावर अवलंबून होता, ही त्यातली खोट मला तेव्हा दिसली नाही. आयुष्यभर दुसऱ्याच्या मालातल्या खोटी काढल्या की असं होतं.

तयारीला लागलो. सहा होल करायचे ठरवले. टोपल्यांसाठी कोंबड्या झाकायची सहा डाली घेतली आणि साखळ्यांसाठी शिरूरच्या बाजारात गेलो.

"म्हशीला बांधायच्या साखळ्या द्या. छत्तीस."

दुकानदार उठून उभा राहिला. "बसा ना, साहेब. चहा सांगतो. म्हशी किती हायेत?"

"म्हशी नाहीत."

"न्हाईत? एक बी न्हाई? मंग छत्तीस साखळ्या कशाला?"

"खेळायला."

चहा आला नाही.

शनिवारी केंदूरला जाऊन मी खांब रोवले, डाली उलटी करून बसवली, साखळ्या टांगल्या. कुठला होल कुठून सुरू होतो आणि वाटेत कुठली झाडं आडवी येतात हे कळावं म्हणून प्रत्येक चिंचेच्या बुंध्यावर पिवळ्या ऑइलपेंटनं ठळक आकडे घातले. आबा फेरी मारायला आले.

"ह्ये काय?"

"होल, आबा. सहा होल."

"खड्डं घिऊ नका बरं का, हितनं पाइपलाइन गेलीया."

"खड्डा नाही. होल म्हणजे हे डालं."

"आसं व्हय. आन् ही मधली पट्टी?"

"हा फेअरवे. इथून निघतो, विहिरीला वळसा घालतो आणि पार तात्यांच्या बांधापर्यंत जातो. वाटेत झाडं जितकी जास्त, तितकं चांगलं. म्हणून तर नंबर टाकलेत."

बांधापलीकडे आबांचे चुलतभाऊ सोपानतात्या गवत कापत होते. बांधावरून दोघांचं जुनं वाकडं, त्यामुळे तात्या कापत गवत असले तरी कान आमच्याकडे होते. विळा थांबला.

"पाव्हणं," तात्यांनी विचारलं, "ह्ये सरकारकडनं, का कंपनीकडनं?"

"परदेशातून आलंय, तात्या. फिनलंड."

"फारेन!" तात्या म्हणाले आणि गवत तिथेच टाकून घराकडे गेले. माणसाला खेळाची आवड दिसते, असं मला वाटलं.

आता खरं काय झालं होतं ते सांगतो. तात्यांच्या कानात शिरेपर्यंत फेअरवेचा हायवे झाला होता! आमच्याकडे रस्ता येतो तोही अगदी असाच. एक दिवस बूट घातलेला माणूस येतो, पट्टी दाखवतो, झाडांवर रंगानं नंबर टाकतो आणि मग झाडागणिक भरपाई धरतात. माझ्या पायात बूट होते. दिवेलागणीपर्यंत अख्ख्या गावाला ठाऊक झालं, की आबांच्या जावयानं हायवे आणला. ठाऊक नव्हतं फक्त जावयाला.

रविवारी सकाळी आम्ही पोहोचलो तर झाडीत ही गर्दी! मी भारावूनच गेलो. आणि तात्यांचं काल मोकळं असलेलं रान बघतो तर आंब्याच्या कलमांनी भरलेलं! दोन-दोन फुटांवर एक. काही बांधावर, आणि एक तर चक्क आमच्या सहाव्या होलच्या तोंडाशी.

"तात्या, एवढी दाट?"

"दाट आसल्याली बरी," तात्या डोळा बारीक करून म्हणाले. "तुमीच म्हणला न्हाई का, झाडं जितकी जास्ती, तितकं चांगलं?"

माझा हात छातीवर गेला. अहो, माझा कोर्स टेक्निकल व्हावा म्हणून या माणसानं आपलं रान दिलं! मी त्यांना वाकून नमस्कार केला. तात्यांनी तो ठेवून घेतला.

मी पहिली तबकडी फेकली. ती निघाली झोकात, एक नंबरच्या चिंचेवर आदळली आणि माझ्याच पायाशी परत आली.

"माघारी फिरला! रस्ता माघारी फिरला!" गर्दीत कुणीतरी ओरडलं. मला वाटलं, खेळातली बोली असेल.

"त्यो ड्रोन हाय," एक फेटेवाले आप्पा शेजाऱ्याला समजावत होते. "जिथं पडतो, तिथनं लाइन धरत्यात."

दुसरी फेक. तिसरी. प्रत्येक फेकीला लोक माझ्यामागे धावत होते.

"पाव्हणं, जरा उजवीकडं टाका की! आमचं रान पडीकच हाय!"

"उजवीकडं नगं! आत्ताच स्लॅब टाकलाय आमी!"

एका मावशींनी गर्दीतून हात घालून माझ्या हातावर बुंदीचा लाडू ठेवला आणि कानात सांगितलं, "भोपळ्याच्या मांडवाकडं ध्यान ऱ्हाऊ द्या." मी लाडू खाल्ला. भोपळ्याच्या मांडवाकडे अशी तबकडी टाकली, की मांडव हलला. मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं. आजवर माझ्यासाठी घरातही कुणी टाळी वाजवली नव्हती, आणि इथे गाव माझ्या नावानं ओरडत होतं! मी वैशालीकडे विजयानं बघितलं. ती कपाळाला हात लावून बसली होती. पहिला होल अजून व्हायचा होता.

अकरावी फेक मी जीव खाऊन मारली. तबकडी फांदीला थटली, आकाशात गेली, बांध ओलांडला आणि थेट तात्यांच्या गोठ्यात, म्हशीच्या गव्हाणीत जाऊन पडली. तात्यांनी धावत जाऊन ती उचलली आणि कपाळाला लावली.

"लागला! आमच्या गोठ्यावरनं लागला!"

"आसं कसं?" फेटेवाले आप्पा पुढे आले. "फांदीला थटून गेलाय! त्यो धरायचा न्हाई! पुन्यांदा टाकाया लावा!"

वाद वाढला. मला राहवलं नाही. मी हात वर केला. "नियम असा आहे, की कशालाही लागून गेली तरी जिथं पडली तिथूनच पुढे जायचं."

"ऐकलं?" तात्या नाचायचेच बाकी होते. "नियमच हाय!"

तेवढ्यात गर्दीतून आबा आले. हातात सातबाऱ्याचा उतारा, मिशा थरथरत होत्या.

"जावईबापू, तुमी घरचं माणूस! आमच्या चिंचंवर नंबर टाकलं, आन् रस्ता न्हेला तात्याच्या गोठ्यावरनं?"

"कसला रस्ता?"

"हायवे!"

"आबा... फेअरवे!"

"त्येच की!"

"ते नाही, आबा. फेअरवे म्हणजे तबकडी फेकायची मोकळी जागा. खेळ आहे हा. रस्ता कुठलाच नाही."

मावशींनी माझ्याकडे असं बघितलं, की लाडू परत देता आला असता तर मी दिला असता.

"मंग माझी कलमं?" तात्या क्षीण आवाजात म्हणाले.

आणि आबा हसले! मिशीला पीळ देत, बांध दणाणेल असं हसले. "तात्या, आता घाल पानी, आन् पाच वर्सानं आंबं खा!"

तेव्हा मागून सासूबाईंचा आवाज आला. इतक्या दिवसांत त्या या विषयावर पहिल्यांदाच बोलल्या. "आन् सकाळी वखारवाल्याला फोन कुणी केला व्हता? 'चिंचंला हात लावू नगं, सरकारात मोजल्यात' म्हून?"

सगळं गाव आबांकडे वळलं. तात्यांच्या चेहऱ्यावर जीव आला.

"म्हंजी, दादा, तुमी बी?"

आबांनी सातबारा खिशात घातला, ताठ झाले आणि म्हणाले, "मला समदं ठावं व्हतं. फोन केला त्यो ह्या खेळासाठी. जावयाचा धोंड्याचा शब्द हाय. चिंचा खेळाया ठिवल्यात."

"कायमच्या?" तात्यांनी विचारलं.

"कायमच्या! दर रविवारी खेळ हुणार हितं."

"दर रविवारी?"

"दर रविवारी! जावईबापू येणार. ईचार त्यास्नी."

मी आबांकडे बघितलं. नाही म्हणालो, तर आबा खोटे पडत होते आणि सोमवारी करवत येत होती. वैशाली माझ्याकडे बघत होती.

"येणार," मी म्हणालो. "दर रविवारी."

"बगू," तात्या म्हणाले. "मी मोजाया येतो."

सासूबाईंनी सूप उचललं आणि एक नंबरच्या चिंचेखाली जाऊन बसल्या. वैशाली त्यांच्याशेजारी बसली. दोघी धान्य निवडू लागल्या. मला भरून आलं. जे मागायला गेलो होतो ते मिळालं होतं, आणि त्यात माझं कर्तृत्व फक्त एका शब्दाचं होतं, तोही लोकांनी चुकीचा ऐकलेला.

"आना ती ताटली हिकडं," आबा म्हणाले. सगळी हयात गोफणीनं पाखरं हाणलेला हात. नेम धरला, मनगट झटकलं. तबकडी दोन चिंचांच्या मधून सरळ गेली, साखळ्या खळखळल्या आणि पहिला होल झाला.

"येवढंच व्हय?" आबा म्हणाले.

तेव्हापासून दर रविवारी मी केंदूरला जातो. पाऊस असो, पाहुणे असोत, कारखान्यात ऑडिट असो, सुट्टी नाही. तात्या बांधावर बसून हजेरी धरतात. आबा सहा होल सतरा फेकींत संपवतात. तात्याही हल्ली खेळतात, आणि वाटेत त्यांचंच कलम आडवं आलं की त्यालाच शिव्या घालतात. कलमं आता माझ्या खांद्याला लागली आहेत. कोर्स खरोखर टेक्निकल झालाय.

परवा पारावरच्या म्हाताऱ्यांनी मला अडवलं. गावात माझं नाव आता 'हायवेवालं पाव्हणं' असंच आहे.

"काय पाव्हणं, कुठवर आला तुमचा हायवे?"

"काम चालू आहे," मी म्हणालो. "अजून पहिल्याच चिंचेत अडकलंय."