शालनकाकूंनी सांगितलेलं जहाज

ठाण्याच्या हॉस्पिटलात शालनकाकूंना शेवटचं भेटले तेव्हा त्यांनी आजाराबद्दल अवाक्षर काढलं नाही. विचारलं ते एवढंच, “तो माहितीपट कधी दाखवणार गं? माझा आवाज येईल ना त्यात?” मी म्हटलं, येणारच, कसा नाही येणार! “बडबड आहे नुसती,” त्या म्हणाल्या, “पण राहू दे म्हणावं...” चार दिवसांनी त्या गेल्या. माहितीपट लागला त्यानंतर तीन आठवड्यांनी.

माहितीपट ज्या मालिकेवर होता ती ‘चौकी क्रमांक नऊ’ आठवत असेल तुम्हाला. अंतराळातल्या एका चौकीची गोष्ट, बुधवारी संध्याकाळी लागायची, वर्षानुवर्षं चालली. डोंबिवलीत आमच्या मजल्यावर टीव्ही एकट्या काकूंकडे, त्यामुळे आम्ही सगळी पोरं त्यांच्या फरशीवर. काका मात्र आंबिवलीच्या कारखान्यात बॉयलरवर, कायमची दुसरी पाळी. त्यांना गोष्टीचं भारी वेड आणि एकही भाग बघायला मिळत नसे. म्हणून काकू टीव्हीसमोर स्टुलावर टेपरेकॉर्डर ठेवायच्या, लाल बटण दाबायच्या आणि पहिलं वाक्य ठरलेलं: “अहो, ऐकताय ना?” मग मालिका सुरू. पात्रं गप्प झाली, नुसतं संगीत वाजायला लागलं, की काकू पुढे वाकून चित्र सांगायच्या. “आता दार उघडलं... आत हिरवा उजेड आहे... ती घाबरलीय, पण दाखवत नाहीये.” मधूनच “थांबा, कुकर बंद करून आले.” दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर काका ती कॅसेट ऐकायचे.

आता खरं सांगते. काकू जे सांगायच्या ते पडद्यावर नसायचं. जहाज म्हणजे चंदेरी रंग दिलेला थर्माकोलचा गोळा, दोरा स्पष्ट दिसायचा. काकू म्हणायच्या, “खाडीत भरती यावी तसं हळूहळू आलं बघा... मुंब्र्याच्या डोंगराएवढं. शेकडो खिडक्या आणि प्रत्येक खिडकीत दिवा.” आम्ही पोरं तोंडावर हात दाबून लोळायचो आणि त्या एका हाताने आम्हाला दटावत पुढे सांगत राहायच्या. एकदा मी विचारलंच, “काकू, असं कुठे होतं?” त्या म्हणाल्या, “अगं, आठ तास आगीपुढे उभ्या राहिलेल्या माणसाला थर्माकोल काय सांगू?” त्यानंतर आमच्यातलं कुणी हसलं नाही. काकांना कुणी सांगितलंही नाही. आमच्या मजल्यावरची एक गोष्ट चार घरांत पोचायला जिथे दुपार पुरते, तिथे ही वर्षानुवर्षं काकांपासून लपून राहिली.

मालिका संपली. टीव्हीवाल्यांनी मूळ टेप पुसून त्यांवर दुसरे कार्यक्रम भरले होते, म्हणजे ज्या मालिकेचा आता गौरव करायचा, ती यांनीच मिटवली होती! उरली होती चित्रीकरणाच्या वेळी कुणीतरी हौसेने घेतलेली, बिनआवाजाची थोडी फिल्म, आणि आवाज म्हणाल तर काकूंच्या कॅसेटी. माहितीपटवाले डोंबिवलीला आले, चहा प्यायले, पिशवी भरून कॅसेटी घेऊन गेले.

काकू गेल्यावर मी ठाण्यात माहितीपटवाल्यांच्या संकलनाच्या खोलीवर धडकले. दिग्दर्शक माझ्याच वयाचा, गोड बोलणारा. “मॅडम, आवाज स्वच्छ करावा लागतो. बाईंचं बोलणं मध्ये मध्ये येतं.”

“स्वच्छ म्हणजे? ती काय घाण आहे?”

“तसं नाही हो. प्रेक्षकांना मालिका ऐकायचीय.”

“तुमच्याकडे मालिका आहेच कुठे? आहे ती त्या बाईंमुळे.”

त्याने मान डोलावली. मी मोर्च्यांची पत्रकं काढते, म्हणून ओळखीची आहे ती; मोर्चा पुढे सरकावा म्हणून अधिकारी डोलावतात ना, तश्शी. कॅसेटी तेवढ्या परत दिल्या.

त्या दिवसापासून रोज सकाळी भिंतीपलीकडून, काकांच्या घरातून, आवाज येतो. “अहो, ऐकताय ना?” आणि पाठोपाठ काकांचा, “हो.” पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दात घासता घासता माझा ब्रश तसाच राहिला. आई म्हणाली, “सवय होईल.” नाही झालेली.

माहितीपट लागला त्या संध्याकाळी आम्ही सगळे पुन्हा त्याच फरशीवर बसलो होतो, आता गुडघे दुमडायला जागा पुरेना. काका खुर्चीत. नट आले, आठवणी सांगून गेले. मग ती जुनी फिल्म, आणि तिच्याखाली आमच्या कॅसेटीचा आवाज. काकूंना कापलं होतं. जिथे त्या बोलायच्या तिथे संगीतही तुटायचं आणि नुसती शांतता... त्या पहिल्या शांततेत काका बोलले. सावकाश, काकूंच्याच चालीत. “आता दार उघडलं. आत हिरवा उजेड आहे.” पुढच्या शांततेतही बोलले. एकही शब्द चुकला नाही. कुठे थांबायचं तेही ठाऊक होतं. खोलीत त्या आहेत असं वाटलं, आणि मागे वळून बघायची हिंमत होईना.

आणि मग ते जहाज आलं. गोळा. दोरा. गोळा नारळाएवढा. काका म्हणत होते, “मुंब्र्याच्या डोंगराएवढं...” आणि थांबले. उठून टीव्हीजवळ गेले, वाकून पाहिलं. शेवटी आभाराच्या पाट्यांत आलं, ‘ध्वनी सौजन्य: एक रसिक’. नावसुद्धा नाही.

काका वळले. “चित्र चुकलंय,” म्हणाले. चेहऱ्यावर काही वाचता आलं नाही. “तू पत्रकं काढतेस ना गं? मग कळव त्यांना.”

कळवते. तिचं नाव शालन. जहाज मुंब्र्याच्या डोंगराएवढं होतं, शेकडो खिडक्यांचं, आणि प्रत्येक खिडकीत दिवा होता. आमच्या मजल्यावरच्या सगळ्या पोरांनी ते पाहिलेलं आहे. दुरुस्ती करावी.