दिंडोशीचा वीरगळ आणि माझी कंबर

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण काय सांगू, एका दगडापायी मी जो गाढवपणा केला तो ऐकून तुम्हाला माझी कीव येईल. दगडापायी तरी कसला, साळवीपायी!

साळवी म्हणजे आमच्या प्रतिस्पर्धी दैनिकाचा बातमीदार. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण पहिल्या पानावर कायम तोच! मी पंधरा वर्षं तुंबलेली गटारं लिहितोय, आणि या पठ्ठ्यानं दिंडोशीच्या एका वीरगळावर चार कॉलम मिळवले. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड. तिथल्या सोसायटीला तो हटवून स्कूटर स्टँड करायचा होता. शेजारची वस्ती म्हणे, दगड इथेच राहणार. साळवीनं वस्तीची बाजू घेतली. लोक त्याला घरी बोलावून चहा पाजू लागले! मला कुणी कधी पाणी तरी विचारलंय?

जळून खाक झालो. मग सुचलं, जवळच सिनेमाची शूटिंगं चालतात. दगड नक्की प्लास्टरचा! लांबूनच एक नजर टाकली आणि बातमी ठोकून दिली, 'वीरगळ कसला, सिनेमाचा सेट!' छापली पाचव्या पानावर. असो.

सोसायटीचा सेक्रेटरी खूश. "प्लास्टर ना? मग रविवारी फेकूनच देतो!"

रविवारी सगळे जमले. मीही गेलो, मिरवायला.

वस्तीतली मालवणी मावशी माझ्यावर धावून आली. "मेल्या, मी लगीन करून इलंय तवापासून हो हयच आसा. तुझो शिनेमा कदी इलो?"

"साहेब, हात तरी लावून बघितलात का?" साळवीनं नम्रपणे विचारलं.

नम्रपणे! तेच झोंबलं.

"हात कसला लावायचा? एकटा उचलून दाखवतो!" मी गरजलो.

दगडाला मिठी मारली, जोर लावला. दगड तसूभर हलला नाही. कमरेत मात्र अशी उसण भरली, की वाकलो तो वाकलोच!

"अस्सल दगड आहे हो," सेक्रेटरी पुटपुटला आणि सटकला. वीरगळ वाचला.

"आता नमस्कार करतंस?" मावशी म्हणाली. "ऱ्हव तसोच, त्याल हाडतंय."

तेल येईपर्यंत साळवीच्या फोटोग्राफरनं काम उरकलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या पहिल्या पानावर मी, काटकोनात. खाली ओळ: 'ज्येष्ठ पत्रकारही वीरगळापुढे नतमस्तक'.

पंधरा वर्षांनी पहिलं पान मिळालं यार, तेही साळवीच्या मेहेरबानीनं!