मुलुंड ते अंधेरी, मांडीवर पितळी जेटचा डबा

लडाखवर लिही म्हणून वाचक मागे लागलेत, पण आज मी तुम्हाला मुलुंडहून अंधेरीला नेणार आहे, तेही ऐंशीच्या दशकातल्या रिक्षाने. हसू नका. तसा प्रवास मला पुन्हा घडला नाही.

मी मुलुंडच्या ज्या कारखान्यात नोकरीला होतो, तिथे कार्बोरेटरचे पितळी जेट बनायचे. बोटाच्या पेराएवढा तुकडा, इंजिनाला पेट्रोल मोजून सोडायला आरपार सुईसारखं बारीक भोक. ते तेलकट जेट धुवायची मालवणची पारूताई, एका उग्र रसायनाच्या टाकीत. दहा वर्षं त्या वाफेत उभी! दोनदा चक्कर येऊन पडली, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, टाकी सोडा. सोडते कसली! नवऱ्याची गिरणी बंद, घर तिच्याच पगारावर. अशात कळलं की अंधेरीच्या एमआयडीसीत ध्वनिलहरींनी पार्ट धुणारं मशीन आलंय, त्यात नुसतं साबणाचं गरम पाणी लागतं. शेठ म्हणाले, "टाकीपेक्षा सरस धुतलं तरच घेऊ." नमुन्याला न धुतलेल्या जेटचा डबा देऊन आम्हा दोघांना पाठवलं.

गांधीनगरवरून पवईचा रस्ता धरायचा. खड्ड्यांनी हाडं खिळखिळी व्हायची, पण तलावाचा वारा झकास. भाडं शेठचं, म्हणून मी ऐटीत बसलो होतो. तलावाजवळ चहाला थांबलो. चहा फक्कड, खारी शिळी. सहज डबा उघडला, तर सगळे जेट लखलखीत!

"पारूताई, तू हे धुतलेस?"

"मगे काय रे मेल्या? परक्याच्या दारात घाण घेवन जावचा? माका लाज वाटता!"

वाट लागली! आता मशीन धुणार काय, कपाळ? परत फिरायला वेळही नव्हता.

अंधेरीत मशीन दाखवणारे देसाई चष्मा सावरत म्हणाले, "अहो, हे तर स्वच्छच आहेत." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "बघू तरी," म्हणत त्यांनी जेट पाण्यात सोडले, बटण दाबलं. पाणी तापल्या तेलासारखं चुरचुरलं. आणि एकेका भोकातून काळे धागे निघायला लागले! मिनिटभरात पाणी मळकट. मी तर उडीच मारली.

पारूताई मात्र त्या पाण्यावर वाकली. "दहा वर्षां माका वाटला, मी स्वच्छ धुतंय."

"बाई, त्या भोकात कुणाचाच हात पोचत नाही," देसाई म्हणाले. ते पाणी त्यांनी बाटलीत भरून दिलं.

परतताना मी म्हटलं, "शेठना सांगू, जेट न धुतलेलेच होते. तुझं नाव कशाला खराब?"

"मगे शेठ मशीन कित्याक घेतीत? न धुतलेल्यातून घाण निघाली, तर त्यात नवल काय?"

कारखान्यात तिने माझ्या हातातून बाटली काढून घेतली आणि शेठच्या टेबलावर ठेवली. "ह्या माझ्या धुतलेल्या जेटांतून निघाला, शेठ."

शेठनी बाटली उजेडात धरली. मग म्हणाले, "मशीन घेऊ. चालवायचं तू."

घरी जेवताना आईला मी हे सगळं फुशारकीने सांगितलं, जसं काही मीच ते घडवलं होतं. मशीन आलं, पारूताईची चक्कर थांबली, निवृत्त होईपर्यंत तिनेच ते चालवलं. मी नंतर लडाखही पाहिलं, कन्याकुमारीही. पण स्वतःची चूक दिसली की आजही माझा हात आधी ती झाकायलाच जातो, आणि तेव्हा पारूताईची फार आठवण येते.