नंदाचा बैठकीतला प्रश्न

नंदाच्या लेकीचा, प्रणालीचा फोन आला तेव्हा मी चिखलीत कंपनीच्या बसची वाट बघत उभी होते. "मावशी, आई गेली," एवढंच म्हणाली. पहाटे छातीत कळ आली म्हणून रिक्षात घातलं, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं... मी तशीच माघारी फिरले. नंदाच्या दारात चपलांचा ढीग, आणि जिन्यातच कुजबुज सुरू, "त्याच रोगानं गेली म्हणे." मी तिथंच मोठ्यांदा सांगितलं, हार्ट अटॅकनं गेली. एचआयव्ही तिनं गोळ्या खाऊन इतकी वर्षं मुठीत ठेवला होता. महिना उलटला तरी ती कुजबुज माझ्या कानातून जात नाही, म्हणून हे लिहायला बसले. नंदाबद्दल कुणी खालच्या आवाजात बोललेलं मला चालणार नाही.

चाकणला वायरिंगच्या कंपनीत आम्ही एकाच लाइनवर. मी पिंपरीतल्या कामगारांच्या वस्तीत वाढलेली, बौद्ध घरातली. ती लग्न होऊन परभणीकडून आलेली. बसमध्ये माझ्या शेजारची सीट तिची. बाटली काढायची, सगळ्यांदेखत गोळी घ्यायची. नवी आलेली एखादी विचारायची, "ताई, कसली गोळी?" ही शांतपणे सांगायची, "एचआयव्हीची. देऊ का तुला?" त्या पोरीचं तोंड बघून मला हसू आवरायचं नाही. काही जणी उठून मागं जाऊन बसायच्या. "बरं झालं, ऐसपैस बसू," म्हणून नंदा पिशवी शेजारी ठेवायची. एकदा एक बाई म्हणाली, आपण घरंदाज बायका, एका नवऱ्याच्या, आपल्याला कशाला होतंय असलं काही? नंदा म्हणाली, "मी पण एकाचीच होते की गं. तो कुठं माझ्या एकटीचा होता?"

तिचा नवरा ट्रेलरवर ड्रायव्हर होता. गाड्या भरून लांब जायचा, पंधरा-वीस दिवसांनी दारू पिऊन उगवायचा. त्याची तब्येत उतरायला लागली तशी हिला शंका आली. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी समजावून कंडोमचं पाकीट दिलं. तिनं ते त्याच्यापुढं ठेवलं. तर हा उलटा तिच्यावरच धावून गेला, "माझ्यावर संशय घेतीस? तूच कुणाकडं जातीस ते सांग आधी!" लाथाबुक्क्यांनी तुडवलं आणि मग त्याला जे करायचं ते केलंच. हे एकदा नाही, तो घरी येईल तेव्हा. शेजारपाजारचे सांगायचे, नवरा आलाय, कशाला वाद घालतीस... पुढं तो त्याच रोगानं गेला, हिचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आणि सासरच्यांनी दोन वर्षांच्या लेकीसकट बाहेर काढलं. पांढऱ्या पायाची म्हणाले, चालीची वाईट म्हणाले. लेकीचा रिपोर्ट चांगला आला, तेवढंच काय ते देवाला सुचलं.

समुपदेशन करणाऱ्या मॅडमनी तिला विचारलं होतं, "तुम्ही त्यांना वापरायला सांगितलं का नाही?" नंदानं ओठ वर करून समोरच्या दाताची खिंड दाखवली. "सांगितलं होतं ना. हा त्याच दिवशी पडला." मला हे सांगताना ती हसत होती. मला मात्र इतका संताप आला की त्या दिवशी लाइनवर माझे हात चालेनात. बाईला "नाही" म्हणायची सोय नसेल तर काळजी घ्या, काळजी घ्या म्हणून भिंती रंगवायच्या कुणासाठी?

गेल्या वर्षी प्रणालीला स्थळ आलं. मुलगा पर्मनंट, पुनावळ्यात फ्लॅट. बैठकीला दोन्हीकडची माणसं जमली, पोहे झाले, आता सुपारी फोडायची, तेवढ्यात नंदा म्हणाली, "थांबा. मला एचआयव्ही आहे, पोरीला नाही. आता तुम्ही सांगा, तुमच्या घरात बाईवर हात उचलतात का? आणि लग्नाआधी दोघांची तपासणी करायची, चालंल का?" मुलाचा मामा म्हणाला, "अहो, हे काय बैठकीत बोलायचं असतं?"

"मग कुठं बोलायचं? मयतीला?"

ते उठून गेले. नंदाचा भाऊ भडकला, पोरीचं वाटोळं केलंस म्हणाला. प्रणालीसुद्धा रडत म्हणाली, "आई, तू गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं?" नंदानं तिला जवळ घेतलं. "माझ्या बैठकीत गप्पच बसले होते की गं मी. बघितलंस ना काय झालं ते." तरी लेक कितीतरी दिवस आईशी धड बोलली नाही. नंदाच्या जिवाला ते लागलं होतं, पण शब्द मागं घेतला नाही तिनं.

आता नंदाच नाही. नंदाच्या माणसांत आई-बाप गेले की वर्षाच्या आत लग्न उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. दिवसकार्य झालं न झालं, तोच नंदाच्या भावानं, प्रणालीच्या मामानं, चाकणचं एक स्थळ आणलं. मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, आक्का गेली, तिच्यासंगं तो विषय गेला. तुम्ही काही काढू नका." मी म्हटलं, बघू. मनात ठरवून गेले होते, नंदाचा प्रश्न मी विचारणार.

त्याच खोलीत माणसं बसली. मी तोंड उघडणार तोच प्रणाली चहाचे कप सगळ्यांपुढं ठेवून उभी राहिली. बैठकीत मुलगी बोलत नाही, पण ही बोलली. आईला एचआयव्ही होता, बाबांनी मारून, जबरदस्ती करून तिला दिला, हे सगळं सांगितलं. मग मुलाच्या आईकडं वळली. "काकू, तुमच्या घरात बाईवर हात उचलतात का?"

त्या बाईनं आधी नवऱ्याकडं बघितलं. तोच म्हणाला, "आमच्यात बायका मधे बोलत नाहीत."

"मी त्यांना विचारलं होतं," प्रणाली म्हणाली. बाई खाली मान घालून बसून राहिली. मुलगा मोबाईलमध्ये बघत होता. प्रणालीनं भरलेले कप पुन्हा ट्रेमध्ये ठेवले. "मिळालं उत्तर. मामा, पाहुण्यांना खालपर्यंत सोडून या."

मामा परत आला तो भडकूनच. "आता कोण करणार गं तुझ्याशी लग्न?"

ती बेसिनपाशी कप धूत होती. वळूनही बघितलं नाही तिनं.

"ज्याच्या आईला उत्तर देता येईल, तो."