शेजारची लेन्स

आमचे भावजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, फोटोग्राफर. माणसाचा चेहरा सोडून त्यांनी आयुष्यात दुसरं काही काढलं नाही. डोंगर, पक्षी, सूर्यास्त हे त्यांच्या लेखी रिकामटेकड्यांचे उद्योग. घराची पुढची खोली हाच स्टुडिओ. मोठी खिडकी, तिच्यापाशी लाकडी स्टूल, मागे साधा पडदा. नवी लेन्स घ्यायची झाली की गावातले फोटोग्राफर आधी त्यांच्याकडे येत आणि मग दुकानात जात. दुकानदारही त्यांना वचकून असे.

चेहऱ्यासाठीची लेन्स जाडजूड असते, तोंडही चांगलं मोठं. पूर्ण उघडली की जवळच्या डोळ्याच्या पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा, आणि कानापासून मागचं सगळं विरघळलेलं. अशा लेन्स करणाऱ्या दोन कंपन्या एकमेकींच्या उरावर बसलेल्या. भावजी तरुणपणापासून जिची लेन्स वापरत ती त्यांची ‘घरची’, आणि दुसरी ‘शेजारची’. शेजारचीचं कौतुक त्यांच्यासमोर करायची सोय नव्हती. मी एकदा मुद्दाम केलं, तर मी परत जाईपर्यंत माझ्याशी तुटक बोलले.

तुलना करायची तर चेहरा एकच, ताईचा. ती हातातलं काम टाकून, पदराला हात पुसत यायची, स्टुलावर बसायची आणि हनुवटीखाली करड्या रंगाचं कार्ड धरायची. ते कार्ड म्हणजे रंगाचं माप. फोटोत कार्ड करडंच आलं तर बाकीचे रंगही खरे समजायचे. मग भावजी कॉम्प्युटरवर तिचा डावा डोळा पडदाभर मोठा करून पापण्या तपासत बसत. ताई म्हणायची, “माझा एकच डोळा यांच्या ओळखीचा आहे. उजव्याला वाईट वाटत असेल.”

एका वर्षी दोन्ही कंपन्यांनी नव्या लेन्स काढल्या. घरची आधी आली, तिची परीक्षा झाली. शेजारची काही आठवडे अडकून राहिली. शेवटी दुकानदाराने ती आणून दिली, ताई पुन्हा स्टुलावर बसली. या खेपेला फोटोत तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग किंचित पिवळट आला, कातडीही तशीच. भावजींचं आयतंच फावलं. शेजारची लेन्स माणसाला पिवळं करते, असा त्यांनी निकाल देऊन टाकला आणि तो वाऱ्यासारखा गावभर झाला. फोटो मात्र इतका देखणा उतरला होता की त्यांना मोह आवरला नाही. कॉम्प्युटरवर पिवळेपणा काढून त्यांनी तो मोठा छापला आणि दर्शनी भिंतीवर लावला. कोणत्या लेन्सचा, हे अर्थातच कुणाला सांगितलं नाही.

पुढे ताईला थकवा यायला लागला, अन्नावरची वासना गेली, अंगाला खाज सुटे. वयाचं आहे, उन्हाचं आहे, असं म्हणत दिवस गेले. डोळ्यांचा पिवळेपणा खोलीच्या पलीकडून दिसायला लागला तेव्हा ती दोघं दवाखान्यात गेली. पोटात गाठ निघाली, आणि ती पसरलेली होती. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आला असतात तर बघता आलं असतं. थंडी सरायच्या आत ताई गेली.

मला मागे-पुढे कोणी नाही, म्हणून मी भावजींकडे राहायला आले. बघते तर हा माणूस येईल त्याला न विचारता एकच सांगतोय, की शेजारची लेन्स पिवळं करते. पासपोर्टचा फोटो काढायला आलेल्या आजोबांनाही सांगितलं. मला आधी तो नेहमीचा हेका वाटला. मग दिसलं, की ते त्या स्टुलाला वळसा घालून जातात. गिऱ्हाइकाला खुर्ची देतात, स्टुलावर बसू देत नाहीत. मी स्वतः केर काढताना त्याच्यापाशी थबकायची. कोणी उठायची वाट बघावी तशी उभी राहायची. आणि भिंतीवरची ताई, ज्या दिवसांत ती आतून संपत होती त्याच दिवसांतली, टवटवीत चेहऱ्याने आम्हा दोघांकडे बघत असे. मला त्या फोटोची भीती वाटायची.

एक दिवस दुकानदार तीच लेन्स घेऊन आला. निकालानंतर कोणी ती विकत घेतली नव्हती. दहा जणांचे फोटो काढले, मला पिवळं दिसत नाही, एकदा पुन्हा बघा, असं म्हणून तो ती ठेवून गेला. लेन्स कपाटावर राहिली. आम्ही जेवायला बसायचो ते तिच्याकडे पाठ करून. परत पाठवून द्या, असं मी म्हटलं तर भावजी नुसतं ताट सरकवून उठले.

मग एका सकाळी ते दारात येऊन म्हणाले, “जरा बसतेस का?”

माझा चेहरा ताईसारखा आहे, सगळे म्हणतात. मी त्या स्टुलावर बसले, हनुवटीखाली कार्ड धरलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मनात म्हटलं, देवा, मला पिवळी दिसू दे.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर माझा डोळा आला. दुधासारखा पांढरा. भावजींनी शेजारी ताईचा जुना फोटो उघडला, न सुधारलेला. तिचा डोळा पिवळा होता. दोघींच्या हनुवटीखालचं कार्ड मात्र सारखंच करडं.

मी घाईघाईने म्हटलं, “त्या दिवशी उजेड वेगळा असेल, भावजी.”

“उजेड वेगळा असता तर कार्डही पिवळं आलं असतं.” त्यांनी ताईचा डोळा पडदाभर मोठा केला. मग म्हणाले, “सगळ्यांच्या आधी मला दिसलं होतं गं. एवढं मोठं करून बघितलं. आणि मी पुसून टाकलं.”

मला रडू आवरलं नाही. फोटो काढल्यापासूनचे ते आठवडे मिळाले असते तर ताई वाचली असती का? मी डॉक्टरांना गाठून विचारलं. सांगता येत नाही, म्हणाले. नाही म्हणाले असते तर भावजींना सांगायला मी धावत घरी आले असते.

भावजींनी भिंतीवरचा फोटो उतरवला आणि तोच, न सुधारता, पुन्हा छापून लावला. येणारे म्हणतात, जरा पिवळा वाटतो, लेन्सचा दोष का? भावजी सांगतात, “नाही. लेन्स चांगली आहे.” दुकानदाराकडेही स्वतः जाऊन तेवढंच सांगून आले.

आता रोज चहा झाला की ते खिडकीपाशी उभे राहतात आणि मला हाक मारतात, “जरा उजेडात ये.” पहिल्यांदा मी चिडले होते. आता निमूट जाते, मान वर करते. ते चष्मा पुसतात, वाकतात, आधी डावा डोळा बघतात, मग उजवा.